साच्याची वाळू

दौलत म्हणतो, मी विचार करून पक्ष बदलला.
वाचलं, ऐकलं, देश पाहिला, मग ठरवलं.
मी मान हलवते, त्याच्या वाटीत पांढरा रस्सा वाढते
आणि मला दिसतात ते बूट.

काळे, खाली स्टड असलेले, कोऱ्या कातड्याचा वास मारणारे.
मालकाने तालमीच्या पोरांना वाटलेले.
उद्यमनगरात संपाचा एकोणचाळिसावा दिवस,
भट्टी गार, गेटवर लाल कापड,
आणि आबा युनियनचे सेक्रेटरी.
त्यांनी बूट पिशवीत घातले,
पोराला मनगटाला धरून बंगल्यापर्यंत चालवत नेलं.
"सायेब, आमच्या पोरांचं पाय आमी बघतो."

रविवारी दौलत अनवाणी खेळला.
गोल मारला.
ते कुणी सांगत नाही, तो स्वतःही नाही.
टाचेला सात टाके पडले, तेवढं सांगतो.

आता त्या मालकाच्या नातवाच्या फ्लेक्सवर
खालून दुसऱ्या रांगेत दौलतचा फोटो असतो.
तो विकासावर बोलतो, चांगलं बोलतो, मुद्देसूद.
मला वाद घालता येत नाही.
बुटांशी कसा घालायचा?

मी स्वतःला मध्यममार्गी म्हणवते.
शाळेत नागरिकशास्त्र शिकवते,
दोन्ही बाजू फळ्यावर मांडून हात झटकते.
खरं सांगू?
त्या संपात उधारी मागायला मला पाठवायचे.
आबांना मान होता, आईला लाज होती,
मी अकरा वर्षांची होते.
गंगावेशीतला चनबसू वाणी
वहीवरून नजर न काढता विचारायचा,
"तुझा बाप जिंकणार हाय काय?"
"बघूया की, काका."
हो नाही, नाही नाही.
पाव किलो तूरडाळ मिळायची.
त्या तीन शब्दांवर मी आजवर मतं दिली.

आबा साचे भरायचे. वाळू चाळून, मळी घालून, तळव्याने दाबून.
म्हणायचे, लोखंड गार झालं की वाळू फोडून टाकायची,
तिला काय आठवत न्हाई.
हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय
की आता त्यातली गंमत गेली.

आईचं मात्र कळलं नाही.
आबा होते तोवर तिचं मत त्यांच्या मागे चार पावलं चालायचं.
ते गेल्यावरच्या पहिल्या निवडणुकीला तिने विचारलं,
"आता कुटलं दाबू?"
दौलतने चिन्ह सांगितलं. मी म्हणाले, बघ तुझं तू.
ती आत गेली ती येईचना.
मागची रांग कुरकुरली, शिपाई वाकून बघायला लागला.
बाहेर आली तेव्हा गालात काहीतरी धरल्यासारखी दिसत होती,
शेजाऱ्याची चिंच चोरून खाल्लेल्या पोरीसारखी.
म्हणाली, चला, रंकाळ्यावर भेळ खाऊ.
पैसे तिने दिले.
कुणाला मत दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही,
दवाखान्यातसुद्धा, मी विचारलं तेव्हा
तिने उशी सरळ करायला सांगितली.

केतकी पुण्याहून आलीय, पहिलं मतदान.
पेठेतली शाळा, खोली नंबर चार.
म्हणते, आई, तुमचं सगळं लहानपणात अडकलंय.
तिने तक्ता केलाय:
उमेदवार, शिक्षण, गुन्हे, मालमत्ता.
मला अभिमान वाटला. अगदी मनापासून वाटला.

तेवढ्यात जिन्यात दौलतच्या चपला करकरल्या
आणि तिने, कुणी न सांगता,
टीव्हीचा आवाज बारीक केला,
तक्ता गादीखाली सरकवला.
"काय गं, ठरलं काय मत?"

मी आत आलं किसत होते.
"बघूया ना, मामा," ती म्हणाली.
'की'च्या जागी 'ना' आलं होतं,
एवढंच.